उत्तर ऋण आलं तर

मंगळवार, १८ फेब्रुवारी २०२५

झोप: बरी. औषध: सकाळचं घेतलं, संध्याकाळचं तुळशीच्या कुंडीत थुंकलं. वागणूक: काय लिहू? डॉक्टर म्हणाले, बाबांबद्दल रोज चार ओळी लिहून ठेवा, पुढच्या वेळी उपयोग होतो. चार ओळींत मावण्यासारखी वागणूक असती तर तुमच्या दारात कशाला आले असते, डॉक्टर?

संध्याकाळी समोरच्या फ्लॅटमधली इरा आली. बारावीला आहे, शनिवारी तिचा गणिताचा पेपर. तीन बिंदू दिलेत, त्रिकोणाचं क्षेत्रफळ काढा, असं काहीसं होतं. जन्मभर कॉलेजात गणित शिकवलेल्या बाबांनी पेन्सिलही उचलली नाही. "पहिल्याचा एक्स घे, पुढच्या दोघांच्या वायमधल्या फरकानं गुण. मग दुसऱ्याचा एक्स, मग तिसऱ्याचा. तिन्हींची बेरीज, त्याच्या निम्मं." धडाधड सांगून मोकळे. दुपारी काय जेवलात, हे मात्र त्यांना सांगता आलं नव्हतं.

"आजोबा, माझं मायनस साडेदहा येतंय."

"ऋण आलं तर घाबरायचं नाही. तू उलट्या दिशेनं फिरलीस, एवढंच. चिन्ह काढून टाक, क्षेत्रफळ तेवढंच असतं." मग माझ्याकडे वळून, अगदी अदबीनं, "जरा आमच्या उत्तराला हाक मारता का? तिलाही ऐकू दे. ती नेमकी इथंच गडबडते."

उत्तरा मीच. वय अठ्ठेचाळीस, नोकरी विमा ऑफिसात, हातात त्यांच्याच चहाचा कप. "बाबा, मीच उत्तरा," म्हटलं तर हसले. बाईंनी थट्टा केली असं वाटलं असणार.

इराचं केंद्र इंदिरानगरातच, चालत पाच मिनिटांवर. नशीब लागतं. माझ्या बारावीला बाबांनी स्वतः अर्ज करून माझा नंबर पार देवळाली कॅम्पातल्या शाळेत घालून घेतला होता. का, तर ज्या केंद्रावर आपण पर्यवेक्षक तिथं आपली मुलगी नको. मग रोज स्कूटरवरून नेणं-आणणं. लोकांचे वडील मुलांसाठी ओळखी काढतात, आमचे वडील अर्ज करून मुलीला गावाबाहेर धाडतात. तीस वर्षं झाली, माझा राग अजून तसाच आहे.

गुरुवार, २० फेब्रुवारी

झोप: नाही. औषध: घेतलं. वागणूक: दिवसभर दाराशी. इस्त्रीचा पांढरा शर्ट, त्यावर चॉकलेटी बिनबाह्यांचं स्वेटर, पायांत चपला. "पेपर किती वाजता सुटतो?" हे मी मोजायचं सोडून दिलं इतक्यांदा विचारलं. खाली मुलं पॅड घेऊन जाताना दिसली की गॅलरीचे गज धरून उभे.

"उत्तूला आणायचंय."

"आणलीय! ही काय उभीय!" मी किंचाळलेच. ते दचकून मागे सरकले, अनोळखी बाई अंगावर आल्यावर माणूस सरकतो तसे. नंतर मी नळ सोडून बाथरूममध्ये रडून घेतलं. विश्वेशला फोन केला तर तो बंगळुरातून म्हणतो, "ताई, तू पेशन्स ठेव." ठेवते हो. तू विमानाचं तिकीट ठेव.

शनिवार, २२ फेब्रुवारी

बाबा घरात नाहीत.

सकाळी इरा पेपरला निघाली तेव्हा सरांच्या पाया पडायला आली. मी दार उघडलं, तिच्या हातावर दही-साखर ठेवली. तेवढ्यात स्वयंपाकघरात दूध उतू गेलं. मी धावले. गॅस बंद केला, ओटा पुसला, ही घाण, तो वास. बाहेर इरा वाकली असेल, बाबांनी डोक्यावर हात ठेवला असेल, आणि ती दार ओढून गेली. नुसतं ओढून. कडी मी लावायची असते. मी बाहेर आले तेव्हा खुर्ची रिकामी.

पोरीची काही चूक नाही. दूध तरी काय, रोजच उतू जातं.

चपला नाहीत. पाकीट घरातच आहे. खुंटीवरची जुन्या स्कूटरची दुसरी किल्ली नाही. स्कूटर विकून वीस वर्षं झाली, ती किल्ली का लटकत होती आणि त्यांना तिचं काय सुचलं, देव जाणे.

जिना, बाग, जॉगिंग ट्रॅक, दत्ताचं देऊळ, त्यांचं कॉलेज. सगळीकडे धावले. "गर्गे सर दिसले का? वेणीमाधव गर्गे, उंच, चष्मा." पोलीस चौकीत फोटो दिला. हवालदार चांगला होता, पण म्हणाला, "मॅडम, बुधवारी महाशिवरात्र. अर्धी माणसं त्र्यंबकच्या बंदोबस्ताला. तुमचे लोक असतील तर लावा कामाला."

लोक म्हणजे कोण? मग प्रफुल्ल आठवला. बाबांचा विद्यार्थी, आता स्वतःच कॉलेजात गणित शिकवतो. त्यानं तासाभरात सरांच्या जुन्या विद्यार्थ्यांचा ग्रुप उभा केला. संध्याकाळी पहिली बातमी: वडाळा-पाथर्डी रस्त्यावरच्या एका मेडिकलच्या कॅमेऱ्यात बाबा. सकाळी दहाच्या सुमारास, पाठमोरे, झपझप चाललेत. एकोणऐंशी वर्षांचा माणूस! घरात बाथरूमपर्यंत जायला माझा हात लागतो.

त्या रस्त्यानं आम्ही अंधार पडेपर्यंत फिरलो. नाहीत.

रविवार, २३ फेब्रुवारी

सकाळी फोन. रामकुंडावरून कुणीतरी, "तुमचे आजोबा इथं होते की. पांढरा शर्ट, चॉकलेटी स्वेटर. पायरीवर बसलेले." आईच्या अस्थी तिथंच सोडल्या होत्या. म्हणजे आईकडे गेले! मला इतकी खात्री वाटली की रिक्षात मी त्यांच्याशी काय बोलायचं ते ठरवूनही टाकलं. पोचेपर्यंत तिथं कुणी नव्हतं. म्हणजे माणसं ढिगानं होती, बाबा नव्हते.

दुपारनंतर तिसरी बातमी. वडनेर गेटजवळ राहणाऱ्या एका जवानाच्या बायकोनं फोटो ओळखला. जेवणवेळेला तिच्या दारासमोरच्या कट्ट्यावर बसून पाणी मागितलं, तांब्या रिकामा केला, "थँक यू बेटा" म्हणाले आणि उठून चालायला लागले.

विश्वेश फोनवर वैतागला. "सकाळी रामकुंड आणि दुपारी वडनेर? एक टोक उत्तरेला, एक दक्षिणेला. यातलं एक चुकीचं आहे, ताई."

"रामकुंड बरोबरच आहे. सिटी बसनं गेले असतील."

"पैसे होते का त्यांच्याकडे?"

"कंडक्टर त्यांचा विद्यार्थी असेल! निम्मं नाशिक त्यांचं विद्यार्थी आहे!"

"बरं, बरं. मग तिन्ही जागा जोडल्या तर एरिया किती होतो ते सांग. त्याशिवाय माणसं किती लावायची कसं ठरवणार?"

प्रफुल्ल आणि मी बाबांच्या टेबलाशी बसलो. बाबांचाच आलेखाचा कागद. नकाशावरून अंतरं मोजून, किलोमीटरमध्ये. प्रफुल्ल आरंभबिंदू कुठं घ्यावा म्हणून घोळ घालत होता. मी म्हटलं, आपलं घर घे. आरंभबिंदू कुठंही घ्या, क्षेत्रफळ बदलत नाही, हे वाक्य मी लहानपणी जेवताना ऐकलंय, अंघोळीला जाताना ऐकलंय, माझ्या भंजाळलेल्या डोक्यात तेवढं एक शिल्लक आहे. घर शून्य-शून्य. पूर्व आणि उत्तर धन, पश्चिम आणि दक्षिण ऋण.

मेडिकल (०.८, −१.४). रामकुंड (०.७, ३.९). वडनेर (२.७, −५).

"द्या, मी करतो," प्रफुल्ल म्हणाला. मी दिलं नाही. पहिल्याचा एक्स, पुढच्या दोघांच्या वायमधला फरक. ७.१२. मग −२.५२. मग −१४.३१. बेरीज उणे ९.७१. निम्मं केलं, उणे ४.८५५.

ते उणे बघितलं आणि मला हुंदकाच फुटला. बारावीच्या पेपरातही हेच. त्रिकोणाचं क्षेत्रफळ ऋण आलं होतं आणि मी तसंच लिहून आले होते. घरी आल्यावर कळलं तेव्हा वाटलं होतं, याहून वाईट काही असू शकत नाही. प्रफुल्ल बिचारा घाबरून पाणी घेऊन आला. "ताई, नुसतं चिन्ह आहे. आपण घड्याळाच्या दिशेनं बिंदू घेतले, म्हणून. काढून टाका."

माहितीय रे. उलट्या दिशेनं फिरले, एवढंच.

जवळजवळ पाच चौरस किलोमीटर. भद्रकालीपासून वडाळ्यापर्यंत आणि तिथून निमुळतं होत वडनेरला टेकणारं. प्रफुल्लनं त्रिकोणाचे तुकडे पाडले, प्रत्येक तुकड्याला पाच-सहा जण. एवढंसं तर आहे. उद्या सापडतील.

सोमवार, २४ फेब्रुवारी

सापडले नाहीत.

प्रत्येक गल्ली पाहिली. देवळं, दर्गे, बांधकामाच्या साइट, बंद गाळ्यांच्या पायऱ्या, सरकारी दवाखान्याचा वॉर्ड. शवागारातही प्रफुल्ल जाऊन आला, मला न सांगता. त्याच्या तोंडावरून कळलं.

वडाळ्यात एका गोठ्यामागे म्हातारं कुणी पडलंय म्हणून कुणी सांगितलं. मी तिथंवर पळत गेले. गोधडी होती. नुसती गोधडी. मी तिच्याशेजारी मटकन बसले आणि त्या परक्या दारात मोठ्यानं रडले. बायका गोळा झाल्या, कुणी पाठीवर हात फिरवला. मला लाज वाटली नाही. लाज वाटायला अंगात काहीतरी शिल्लक लागतं.

तीन दिवस माणूस उपाशी राहतो का? रात्री गारवा आहे. त्यांना रक्तदाबाची गोळी लागते. त्यांना स्वतःचा पत्ता सांगता येत नाही. मला हाक मारतील तर कुठल्या नावानं मारतील?

संध्याकाळी रामकुंडावरून परत फोन, "आलेत हो तुमचे आजोबा, बसवून ठेवलंय." गेले. पांढरा शर्ट, चॉकलेटी स्वेटर, चष्मा. सिन्नरचे कुणी निवृत्त पोस्टमन. रोज येऊन बसतात. "कालसुद्धा मीच होतो, बाई," ते म्हणाले, जणू त्यांचाच अपराध. मी त्यांच्या पाया पडले, का ते माहीत नाही.

म्हणजे रामकुंड खोटं. आई खोटी. पाच चौरस किलोमीटर खोटे. तीसेक माणसं दिवसभर एका खोट्या त्रिकोणात वणवण फिरली, आणि तो त्रिकोण मी काढला होता. विश्वेशनं सांगितलं होतं. तो उद्या येतोय. त्यानं "मी म्हटलं होतं" म्हणायच्या आत मी त्याला घराबाहेर काढीन.

देवा, नुसते दिसू देत. ओळखू नकोत मला. जन्मभर "बाई" म्हणू देत.

मंगळवार, २५ फेब्रुवारी, सकाळ

डेअरीवर लावलेला फोटो बघून एका शेतकऱ्याचा फोन आला. जयराम नाव. पाथर्डीच्या पुढं त्यांचा मळा आहे.

"ताई, मास्तर शनिवारी आमच्याकडंच वस्तीला व्हते. आम्हाला काय म्हाईत हरवलेत म्हणून! बोलणं असं शिस्तीत, आम्हाला वाटलं कोणाच्या लग्नाला आलेत."

मग बायको फोनवर आली, कलाबाई. "पिठलं-भाकर खाल्ली हो पोटभर. माझ्या हाताला लय चव हाय म्हणले. सकाळी ह्यांनी म्हणलं, गाडीवर सोडतो, तर नाय म्हणले. रस्ता लय वळणं घेतो, म्या सरळ जाईन, सरळ अंतर सगळ्यात कमी असतं. आन बांधाबांधानं निघून गेले बघा."

"कुठं जायचं म्हणाले?"

"पोरीला आणायला. उशीर झाला तर ती बोलत नाय म्हणले. लय लाडाची दिसतीया."

मी फोन ठेवला आणि हसूच आलं, वेड्यासारखं. मी इथं यांच्यापायी गल्ल्या झाडतेय आणि हे कुठल्या लाडाच्या पोरीला आणायला निघालेत! चालू दे. निदान शनिवारी पोटात पिठलं-भाकरी होती. कलाबाई, तुमच्या घरात काही कमी पडू नये.

प्रफुल्ल म्हणाला, "ताई, रामकुंड काढून टाकू, मळा घालू, नवा त्रिकोण करू." त्यानं जयरामकडून मोबाइलवर जागा मागवली. मळा (१.७, −३.१). मी पुन्हा मांडलं. मेडिकल, मळा, वडनेर.

१.५२. मग −६.१२. मग ४.५९. बेरीज उणे ०.०१. निम्मं उणे ०.००५.

चुकलं म्हणून परत केलं. परत तेच. प्रफुल्लनं केलं. तेच. मी त्याच्यावर ओरडले, "एवढ्याशा जागेत तर एक मैदानही धड मावणार नाही, माणसं कुठं लावायची?" तो कागदाकडे बघत बसला. मग म्हणाला, "ताई, हा त्रिकोणच नाही. क्षेत्रफळ शून्य आलं म्हणजे—"

म्हणजे तिन्ही बिंदू एका रेषेत. हेही जेवताना ऐकलंय.

पट्टी लावली. मेडिकल, मळा, वडनेर, तिन्ही एका पट्टीवर. मागं वाढवली तर रेषा बरोबर आमच्या दारातून जाते. ते भटकत नव्हते. आम्ही काल दिवसभर त्यांना त्रिकोणाच्या आत शोधत होतो. तीन ठिकाणी दिसला म्हणजे माणूस तिन्हींच्या मधे असेल, असलं डोकं गणितवाल्याच्या घरातच चालायचं. दुसऱ्या कुणी साधं विचारलं असतं, कुठं निघालेत?

पुढं वाढवायला गेले तर कागद संपला. दुसरा जोडला. रेषा वालदेवी ओलांडते. नदी बघून मी पट्टी थांबवली, पण प्रफुल्ल म्हणाला पाणी फार नाही, पूल आहे. पुढं जाते ती थेट देवळाली कॅम्पात.

कॅम्पात आपलं कोण आहे? कुणी नाही. नातेवाईक नाही, बाबांचा मित्र नाही. मी तर तिकडं गेलेच नाही कधी, माझ्या बारावीच्या त्या पेपरांनंतर. गणिताच्या दिवशी ते न्यायला इतक्या उशिरा आले की गेटपाशी मी एकटीच

निघते.

मंगळवार, २५ फेब्रुवारी, संध्याकाळ

शाळेचं गेट आता लोखंडी, निळ्या रंगाचं आहे. तेव्हा लाकडी होतं. समोरची चिंच तीच. चिंचेखालच्या पारावर बाबा बसले होते.

रिक्षा थांबायच्या आत मी उतरले. शर्ट मातीनं माखलेला, एका पायात चपलेऐवजी सुतळीनं बांधलेला टायरचा तुकडा, दाढीची पांढरी खुंटं. हातात किल्ली. मी समोर जाऊन उभी राहिले.

"जरा बाजूला होता का, बाई?" ते म्हणाले. "गेट दिसत नाहीये."

बाजूला झाले. त्यांच्याशेजारी बसले. प्रफुल्लला हातानं लांबच थांब म्हटलं. आत कुठला तरी पेपर चालू होता, पालक मंडळी सावलीला उभी होती. चहाच्या गाडीवरची बाई मला हळूच म्हणाली, "कालपण आले होते. सगळी पोरं निघून गेली तरी बसून. म्हटलं आजोबा, कोण आहे आत, तर म्हणे मुलगी. रात्री आमच्या पडवीत निजवलं. उद्या चौकीत कळवणार होतो."

"तुमचं कोण आहे आत?" बाबांनी मला विचारलं.

मला खोटं सुचलं नाही. "माझे वडील न्यायला यायचेत मला."

त्यांना ते विचित्र वाटलं नाही. "येतील," म्हणाले. "वडील लोकांना उशीर होतो. मला पण झाला. माझ्या केंद्रावर एक मुलगा कॉपी करताना सापडला, अहवाल लिहिण्यात वेळ गेला. तिला सांगितलं होतं गेटपासून हलू नकोस. रागावली असेल. तिचा राग फार वाईट, दिवसेंदिवस बोलत नाही."

तीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

"नाही रागावणार," मी म्हटलं.

"तुम्हाला काय माहीत?" माझ्यावर जरा चिडलेच.

घंटा झाली. गेट उघडलं, मुलं लोंढ्यानं बाहेर. बाबा पारावर चढून उभे राहिले, मी मागून धरलं. एकेक चेहरा बघत होते. पांगापांग झाली, दुचाक्या गेल्या, शेवटी दोन मुली उत्तरं जुळवत बाहेर आल्या आणि वॉचमन गेट ओढायला लागला. बाबांचं तोंड एवढंएवढंसं झालं. "गेली वाटतं. चालतच गेली असेल. एवढं लांब, उन्हात."

ते खाली उतरले आणि गेटकडे पाठ करून निघाले. आणखी पुढं. कुठं जाणार होते, हे आता कुठल्या पट्टीनं मोजायचं?

मी प्रफुल्लला खूण केली, यांना थांबव, आणि धावत वॉचमनकडे गेले. काय बोलले आठवत नाही. "दादा, दोन मिनिटं आत जाऊ द्या, मग मला बाहेर यायचंय." माझं तोंड बघून त्यानं सोडलं. आवारात एक पॅड पडलं होतं, कुणाचं राहिलेलं. ते छातीशी धरलं. अंबाडा सोडून केसांची वेणी घातली, पांढऱ्या केसांसकट. मग बाहेर आले. सावकाश, पाय ओढत, तेव्हा आले होते तशी.

"सर," प्रफुल्लचा आवाज आला, "ती बघा, मुलगी आली."

बाबांनी वळून बघितलं. चष्मा पुसला, परत घातला. मी तिथंच उभी राहिले, गेटपासून हलले नाही.

"उत्तू!"

किती दिवसांनी. मला वाटलं होतं त्या नावानं आता कुणी हाक मारायचं नाही.

"किती वेळ लावलास गं! सगळी पोरं गेली!" ओरडतच आले, टायर फरफटत. मग आवाज खाली आला. "माझाच उशीर झाला. रागावलीस?"

"नाही, बाबा."

"कसा गेला?"

"बरा."

"त्रिकोण आला होता?"

"आला होता. उत्तर ऋण आलं."

"मग?"

"खूप घाबरले. मग चिन्ह काढून टाकलं."

"शाब्बास," म्हणाले, आणि माझ्या हातातलं पॅड स्वतःच्या काखेत घेतलं. तेव्हाही घ्यायचे. मग किल्ली पुढं धरून चिंचेखाली बघायला लागले, इकडं, तिकडं. "स्कूटर इथंच लावली होती."

"मी दुरुस्तीला दिलीय, बाबा. आज रिक्षानं जाऊ."

"रिक्षानं? एवढ्या लांब?" जरा विचार केला. "जाऊ दे. पेपर झालाय तुझा. उद्या स्कूटर नेऊ."

डॉक्टरांनी तपासलं. पायाला जखमा, अंगात पाणी कमी, बाकी ठीक म्हणाले. विश्वेश विमानतळावरून सरळ घरी आला. बाबांनी त्याला विचारलं, "आपण कोण?" तो माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, शिकशील हळूहळू. मला विचाराल तर ते मला ओळखत होते ते रिक्षा द्वारका चौकात वळेपर्यंत. घरी आल्यावर पुन्हा "बाई, पाणी देता का?"

दिलं.

झोप: लागलीय. औषध: दोन्ही घेतली. वागणूक: मुलीला आणायला गेले होते. घेऊन आले.